राहून गेलेली पायरी

वार्षिक निघण्याचे दिवस आले म्हणजे संपादक मंडळ आमच्याकडे शास्त्रविषयक लेख मागते, आणि आम्हीही एखाद्या शोधाची किंवा शोधकाची हकीकत लिहून त्या ऋणातून मोकळे होतो. यंदा आम्ही निराळ्या एका ऋणाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ते आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे आहे. त्याने आम्हांस एक रास्त प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्यास खाली बसविले होते. त्याची परवानगी घेऊनच ही हकीकत लिहीत आहो. नाव मात्र त्याच्या इच्छेवरून देत नाही.

चिंचपाडा हे गाव लहान असले तरी जगाच्या वाटेवरचे आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि नवापूर, विसरवाडी या बाजूने धुळ्याकडे जाणारा महामार्गही दूर नाही. त्या महामार्गावर नाना प्रकारची वाहने दिसतात. त्यांत कधी कधी लांबट, पांढऱ्या टाकीचा एक टँकर दिसतो. त्याच्या पोटात द्रवरूप नैसर्गिक वायू असतो. गुजरातेत हजिरा व दहेज या किनाऱ्यावरील ठिकाणी परदेशांतून हा द्रव जहाजांनी येतो आणि तेथून काही भाग अशा टँकरांत भरून दूरदूर पाठविला जातो. आमच्या त्या विद्यार्थ्याचा मामा असा टँकर चालवितो. एके दिवशी चहासाठी तो रस्त्यालगत थांबला असता भाच्याची व त्याची भेट झाली, आणि टाकीत काय आहे हे मामाने त्यास समजावून दिले. ‘आत बर्फाहून पुष्कळ थंड रस आहे, उणे एकशे बासष्ट अंशांचा. कारखान्यात पोचला की त्याचा पुन्हा गॅस करतात,’ एवढेच मामाने सांगितले. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात घर करण्यास तेवढे पुरेसे होते.

ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. दहावीचा शेवटचा तास चालला होता आणि आम्ही उष्णतेचे प्रकरण शिकवीत होतो. पाणी शंभर अंशांवर उकळू लागले की त्यास कितीही उष्णता द्या, तापमापकातील पारा पुढे सरकत नाही. ती सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. हिला पाठ्यपुस्तकात अप्रकट उष्मा म्हटले आहे. जुने शिक्षक हिला गुप्त उष्णता म्हणत. स्कॉटलंडात जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने १७६० च्या सुमारास ही गोष्ट प्रथम नीट मोजून दाखविली. हे सर्व सांगून आम्ही पुस्तक मिटत होतो, तोच मागील बाकावरून हा विद्यार्थी उभा राहिला.

‘सर, मामाच्या टँकरमधला रस उकळवायला किती लाकूड लागत असेल?’

वर्ग हसला. पण तो हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नव्हता. हा मुलगा रोज पहाटे रानातून मोळी आणून मग शाळेत येतो. उकळणे म्हणजे चूल आणि चूल म्हणजे लाकूड हे गणित त्याच्या खांद्यास ठाऊक होते. आम्हांसही प्रश्न आवडला, आणि खरे सांगावयाचे तर आपले ज्ञान दाखविण्याची संधी आली असे वाटून आम्ही खडू उचलला.

नैसर्गिक वायूत मुख्य भाग मिथेनचा असतो. मिथेन नेहमीच्या हवेच्या दाबाखाली सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसवर उकळतो, आणि एक किलो द्रव मिथेनचा वायू होण्यास सुमारे ५१० किलोज्यूल उष्णता लागते. पाण्यास एका किलोमागे सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, तेव्हा मिथेनचे काम चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी उष्णतेत होते. टँकरमध्ये १५ टन, म्हणजे १५,००० किलो द्रव आहे असे आम्ही धरले. गुणाकार केला: १५,००० गुणिले ५१०, म्हणजे ७६,५०,००० किलोज्यूल. एक किलो वाळलेले लाकूड जळाले तर सुमारे १५,००० किलोज्यूल उष्णता मिळते असे धरून भागाकार केला. उत्तर आले ५१० किलो. एक मोळी वीस किलोची धरली तर पंचवीस-सव्वीस मोळ्या. आम्ही उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि हात झटकले.

तो मुलगा अद्याप उभाच होता.

‘पण सर,’ तो म्हणाला, ‘पाण्याची वाफ होते तेव्हा ती शंभर अंशांची असते. मग या रसाची वाफ उणे एकशे बासष्टचीच असणार ना? एवढी थंड वाफ नळात कशी सोडतील?’

घंटा होण्यास दोन मिनिटे राहिली होती. अभ्यासक्रम मागे पडला होता. वर्गात पुन्हा हशा पिकला होता आणि तो आमच्यावर आहे की त्याच्यावर, हे आम्हांस कळेना. आम्ही म्हणालो, ‘तू विचारलेस ते उकळविण्याचे. त्याचे उत्तर मिळाले. बैस खाली.’

तो बसला. त्यानंतर दिवाळीच्या सुटीपर्यंत त्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. आम्हांस तेव्हा हे जाणवलेही नाही, हा आमच्या अपराधाचा दुसरा भाग होय.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा मागील बाकावरची ती जागा रिकामी होती. नंदुरबार जिल्ह्यातील पालकांस याचे कारण सांगावयास नको. दिवाळी झाली की आपल्याकडील कित्येक पाड्यांवरची घरे ऊसतोडीसाठी बारडोलीच्या बाजूस निघून जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती हाताच्या कष्टाने फेडावयाची असते. जेवढे हात अधिक तेवढी फेड लवकर. आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. घरी आजी तेवढी होती. तिने आम्हांस बसावयास खाट दिली आणि आत जाऊन एक वही आणली. म्हणाली, ‘गुरुजी, पोरगा सांगून गेला, ही शाळेत द्या. त्याला वाटलं, तपासायची राहिली.’

ती विज्ञानाची वही होती. रात्री दिव्यापाशी आम्ही ती उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर आमचे फळ्यावरचे गणित जसेच्या तसे उतरवून घेतले होते. परंतु आम्ही जेथे दोन रेघा ओढल्या होत्या तेथे त्याने ओढल्या नव्हत्या. आमच्या गणितास त्याने डावीकडे ‘१)’ असा आकडा घातला होता. त्याखाली ‘२)’ एवढेच लिहून पुढची ओळ कोरी सोडली होती.

त्या कोऱ्या ओळीकडे आम्ही पुष्कळ वेळ पाहत राहिलो. वीस वर्षे शिकविण्यात गेली, मिशनच्या महाविद्यालयाची पदवी भिंतीवर लागलेली आहे, आणि जी पायरी आम्ही गाळली तिची जागा आमच्या विद्यार्थ्याने राखून ठेवली होती. त्याने ‘चूक’ असे कोठेही लिहिले नव्हते. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो.

द्रवाचा वायू झाला म्हणजे काम संपत नाही, हे त्या मुलाचे म्हणणे अगदी बरोबर होते. उणे १६२ अंशांवर नुकताच उत्पन्न झालेला वायूही उणे १६२ अंशांचाच असतो. असा वायू साध्या पोलादी नळात सोडला तर पोलाद ठिसूळ होऊन तडकण्याचे भय असते आणि नळाभोवतीची ओल गोठून बसते. गावोगावच्या नळांतून पाठवावयाचा तर त्यास आपल्या नेहमीच्या हवेच्या तपमानाजवळ आणलेच पाहिजे. समजा, १५ अंशांपर्यंत आणावयाचे आहे. उणे १६२ पासून अधिक १५ पर्यंत अंतर १७७ अंशांचे. एक किलो मिथेन वायूचे तपमान एका अंशाने वाढविण्यास सरासरी सुमारे २.१ किलोज्यूल लागतात. दोहोंचा गुणाकार सुमारे ३७० किलोज्यूल होतो. ही दुसरी पायरी.

पहिल्या पायरीचे ५१० आणि दुसरीचे ३७० मिळून एका किलोमागे ८८० किलोज्यूल. पंधरा टनांस १ कोटी ३२ लक्ष किलोज्यूल. लाकूड ५१० किलो नव्हे, ८८० किलो, मोळ्या चव्वेचाळीस. आमच्या दोन रेघांच्या उत्तरात खऱ्या उष्णतेपैकी शेकडा बेचाळीस भाग गहाळ होता. शिवाय चुलीत लाकडाची बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते हे आम्ही धरलेच नव्हते. ते धरले तर मोळ्यांचा आकडा कितीतरी पट वाढला असता, आणि ही गोष्ट तर रोज मोळी वाहणाऱ्यास आमच्याहून अधिक कळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलो. थंडी पडू लागली होती. मोठ्या शेगडीवर पन्नास मुलांची डाळ शिजत होती आणि शेगडीस जोडलेल्या सिलिंडरच्या खालच्या भागास बाहेरून दव आले होते. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘सर, काम जास्त असलं की याला असाच घाम येतो.’ मावशींनी एका वाक्यात आमचा सारा पाठ सांगितला. सिलिंडरमधील द्रव वायू होऊन बाहेर पडतो तेव्हा त्यास लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून व भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. पत्रा थंड पडतो आणि हवेतील ओलावा त्यावर जमतो. माठातील पाणी गार होते तेही याच न्यायाने.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. घरच्या सिलिंडरमधील वायू आणि टँकरमधील वायू एक नव्हेत. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन असतात. केवळ दाब दिल्याने ते नेहमीच्या तपमानास द्रवरूप होतात व तसेच राहतात. मिथेनचे तसे नाही. उणे ८२ अंशांहून अधिक तपमान असेल तर कितीही दाब द्या, त्याचा द्रव होत नाही. म्हणून त्यास अतिशय थंड करावे लागते आणि दुहेरी भिंतीच्या टाकीत, उष्णता आत येऊ न देता, जपून न्यावे लागते. एवढा खटाटोप करण्याचे कारण असे की, द्रव झाल्यावर हा वायू मूळच्या सुमारे सहाशेव्या हिश्श्याच्या जागेत मावतो. एरवी समुद्रापलीकडून तो जहाजात घालून आणणे परवडलेच नसते. असा टँकर कोठे गळताना दिसला आणि त्याभोवती पांढरे धुके पसरलेले असले तर ते धुके मुख्यतः हवेतील गोठलेल्या ओलाव्याचे असते. पण त्याच्या आसपास न दिसणारा ज्वालाग्राही वायूही असतो. तेव्हा मुलांनी तेथे कुतूहलाने धावू नये, दूर जावे आणि वडील माणसांस सांगावे.

आता मुख्य प्रश्न उरला. एवढी उष्णता आणावयाची कोठून? १ कोटी ३२ लक्ष किलोज्यूल हा एका टँकरचा हिशेब झाला. दहेजच्या बंदरावर कतारहून पहिले जहाज २००४ साली आले. तेथील स्थानकाची क्षमता वाढत वाढत २०१९ साली वर्षाला १७.५ दशलक्ष टन झाली. आपल्या महाराष्ट्रातही रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळजवळ २०१३ साली असे स्थानक सुरू झाले. दहेजच्या त्या क्षमतेस वर्षाच्या सेकंदांनी भागले तर दर सेकंदास सुमारे साडेपाचशे किलो द्रव येतो. त्यास ८८० ने गुणिले असता दर सेकंदास जवळजवळ ४,९०,००० किलोज्यूल, म्हणजे ४९० मेगावॉट होतात. ही मोठ्या वीजकेंद्राच्या तोलाची उष्णता झाली. लाकडावर हे चालवावयाचे तर दर दोन सेकंदांस तीन मोळ्या चुलीत घालाव्या लागतील, रात्रंदिवस, बारा महिने. सातपुड्याचे उरलेले रान त्यास किती दिवस पुरेल, हे आमच्या विद्यार्थ्यांनी मनाशीच ताडून पाहावे.

एक उपाय असा की, त्याच वायूपैकी थोडा जाळून बाकीचा तापवावा. एक किलो मिथेन जळाला म्हणजे सुमारे ५०,००० किलोज्यूल उष्णता मिळते. एका किलोस तापविण्यास ८८० लागतात, म्हणजे शंभर किलोंमागे पावणेदोन किलो वायू जाळावा लागेल. काही ठिकाणी असे करतातही. परंतु त्याहून सुंदर युक्ती निराळी आहे, आणि ती समजली त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. उणे १६२ अंशांच्या द्रवास आपले थंड पाणीही कढतच वाटते! समुद्राचे पाणी पंचवीस अंशांचे असले तरी त्या द्रवाच्या मानाने ते १८७ अंशांनी उष्ण आहे. समुद्राचे एक किलो पाणी पाच अंशांनी थंड झाले तर ते सुमारे २० किलोज्यूल उष्णता देते. तेव्हा ८८० किलोज्यूलांसाठी ४४ किलो पाणी, म्हणजे जेमतेम तीन घागरी पुरतात. जगातील पुष्कळ बंदरांवर नळांच्या उभ्या जाळ्यांवरून समुद्राचे पाणी सोडून हा द्रव उकळवितात. दहेज येथे हवेच्या उष्णतेचा उपयोग करण्याची सोय आहे. हवेने एक मध्यस्थ द्रव तापवावयाचा आणि त्या मध्यस्थाने वायूस ऊब द्यावयाची. एक किलो हवा दहा अंशांनी थंड झाली तर सुमारे १० किलोज्यूल देते. एका किलो वायूस ८८ किलो हवा पुरते. पेटविण्यास काडीही लागत नाही. ‘किती लाकूड?’ या प्रश्नाचे खरे उत्तर आहे: एक काटकीही नको.

हे उत्तर ज्यास द्यावयाचे तो शंभर किलोमीटरांहून दूर उसाच्या फडात होता.

पत्राने कळविता आले असते, परंतु फडास पत्ता नसतो. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चिंचपाड्यास पॅसेंजर गाडीत बसलो. नवापूर, उकाई सोनगड, व्यारा ही स्थानके मागे टाकीत संध्याकाळी बारडोलीस उतरलो आणि विचारीत विचारीत रात्री तो पडाव गाठला. पाले एकमेकांस टेकून उभी होती. पाचटाच्या जाळावर भाकरी चालली होती. मुलगा आम्हांस पाहून चटकन उभा राहिला, वर्गात राहतो तसाच. त्याच्या तळहातांवर उसाच्या पात्यांचे चरे होते.

आम्ही वही उघडून जाळाच्या उजेडात धरली आणि म्हणालो, ‘तुझे बरोबर होते. आमची एक पायरी राहिली होती. तू विचारलेस तेव्हा आम्ही ऐकून घ्यावयास हवे होते.’

तो काही बोलला नाही. त्याचे वडील आमच्याकडे व वहीकडे आळीपाळीने पाहत होते. म्हणाले, ‘गुरुजी, एवढं सांगायला इतक्या लांब आलात?’

‘एवढेच सांगावयास आलो असे नाही,’ आम्ही म्हणालो. ‘मार्चमध्ये याची परीक्षा आहे. याची जागा रिकामी आहे.’

वडिलांनी बराच वेळ जाळ सारखा केला. मग हिशेब सांगितला. उचल फिटेपर्यंत त्यांना सुटता येत नव्हते. वडील तोडीत, आई व मुलगा मोळ्या बांधीत आणि गाडी भरीत. मुलगा गेला तर त्याच्या वाट्याचे काम आईवर येणार. हे गणित आम्ही फळ्यावर कधी मांडले नव्हते, आणि त्यात कोणती पायरी गाळता येते हे आम्हांस सांगता येईना. निर्णय आईनेच केला. तवा उतरवीत ती म्हणाली, ‘न्या गुरुजी. उसाची मोळी मी बांधीन. रानातली मोळी त्यानं आजवर किती वाहिली.’ आम्ही तिला काही उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे परत निघालो. आईबाप तेव्हा फडात गेले होते.

गाडीत त्याने वही मांडीवर घेतली आणि ‘२)’ पुढची ओळ स्वतःच्या हाताने भरली. ५१० व ३७० यांची बेरीज करून ८८० लिहिले. पण रेघा याही वेळी ओढल्या नाहीत. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, ‘अजून काही राहिलं असलं तर?’

आणि राहिले होतेच. मोठ्या स्थानकांवर द्रव प्रथम पंपाने अतिशय दाबाखाली आणतात आणि मग तापवितात, कारण पुढे नळांतून तो दूर पाठवावयाचा असतो. हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ४६ पटींहून अधिक असला तर मोठी नवलाची गोष्ट घडते. द्रव तापत तापत जातो आणि कोठेही न उकळता, बुडबुडा न येता, वायूसारखा होऊन जातो. द्रव कोठे संपला व वायू कोठे सुरू झाला याची सीमाच राहत नाही. तेव्हा आमच्या दोन पायऱ्या तेथे लागू पडत नाहीत. अभियंते आरंभीची उष्णता आणि अखेरची उष्णता कोष्टकांतून काढून त्यांची वजाबाकी करतात, आणि उत्तर आमच्या ८८० हून काहीसे कमी येते. शिवाय खरा नैसर्गिक वायू निव्वळ मिथेन नसतो. त्यात थोडे इथेन, प्रोपेन इत्यादी असतात आणि त्या प्रमाणाप्रमाणे आकडे बदलतात. त्याने शांतपणे ‘३)’ लिहिले आणि त्यापुढे ही वजाबाकीची गोष्ट टिपून घेतली.

वर्गात परतल्यावर पहिल्याच तासास आम्ही साऱ्या वर्गासमोर ते जुने गणित पुन्हा फळ्यावर लिहिले, आमच्या दोन रेघांसह, आणि खोडून दुरुस्त केले. या वेळी कोणी हसले नाही. समुद्राचा व हवेचा हिशेब सांगून झाला तेव्हा मागील बाकावरून हात वर आला. आम्हांस किती आनंद झाला हे शिक्षकांसच कळेल.

‘सर, पावसाळ्यात हवा गार असते. तेव्हा दहेजचं काम मंदावत असेल ना?’

घंटा होण्यास पाच मिनिटे होती. आम्ही खडू त्याच्या हाती दिला आणि म्हणालो, ‘हवा गार असते, पण तिच्यात आणखी काय असते?’ तो क्षणभर फळ्याकडे पाहत राहिला. ‘ओल,’ तो म्हणाला, आणि मग एकदम, ‘सिलिंडरचा घाम!’ हवेतील वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा तिने पूर्वी घेतलेली गुप्त उष्णता ती परत देते. एका ग्रॅममागे सुमारे अडीच किलोज्यूल. पावसाळी हवेच्या एका किलोतून नुसते पाच ग्रॅम पाणी जमले तरी साडेबारा किलोज्यूल मिळाले. तीच हवा दहा अंशांनी थंड होऊन दहाच किलोज्यूल देते. त्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. पावसाळ्याची ओली हवा कोरड्या हवेहून अधिक उष्णता देऊ शकते आणि खरी अडचण थंडीतील कोरड्या हवेची, हे आमच्या वर्गाने त्या दिवशी स्वतः शोधून काढले. घंटा केव्हा झाली ते कोणास कळले नाही. पुढच्या तासाचे शिक्षक दाराशी उभे राहून ऐकत होते.

हे वार्षिक छापावयास जात असता परीक्षा व्हावयाची आहे. तो विद्यार्थी वसतिगृहात राहून अभ्यास करीत आहे. त्याचे आईवडील अद्याप फडातच आहेत. निकाल काय लागेल ते पुढच्या अंकात कळेल. परंतु परीक्षा एकट्या त्याची नाही, आमचीही आहे. आणि आमच्या परीक्षेचा पहिला प्रश्न आम्ही एकदा चुकलो आहो, हे येथे छापून ठेवणे आम्हांस योग्य वाटले.

विद्यार्थिमित्रहो, शिक्षकाने उत्तराखाली रेघा ओढल्या म्हणजे गणित संपलेच असे समजू नका. तुम्हांस पुढची पायरी दिसत असेल तर आकडा घालून ओळ कोरी ठेवा आणि विचारीत राहा. आणि पालकहो, तुमचा मुलगा चुलीपाशी किंवा फडात काही विचारू लागला तर त्यास गप्प करू नका. त्या प्रश्नाची किंमत तुम्ही आपल्या कष्टांनी मोजीत आहा. आम्ही शिक्षकांनी ती वाया जाऊ देता कामा नये. ती वही आता त्याच्याकडे परत गेली आहे. ‘४)’ हा आकडा त्याने घालून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. पुढे अजून काही लिहिलेले नाही.